हवापालट आणि खांदे

'हवापालट' हा शब्द फळ्यावर लिहिला की मी मुलांना तो मधोमध तोडून दाखवते. 'हवा' अरबी, फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे आलेली. 'पालट' अस्सल मराठी. उर्दूच्या तासाला हीच गोष्ट 'तब्दील-ए-आब-ओ-हवा' होते. मुलांना मराठी शब्द सोपा वाटतो, मलाही.

आमच्या दादीला दमा होता. गल्लीतले हकीमसाहेब नाडी पाहून दर खेपेला सांगायचे, "आपा, आब-ओ-हवा बदलिए." दादीची हवापालट म्हणजे एस.टी.ने बहिणीच्या गावी आठ दिवस. विहीर, चिंचेची दोन झाडं आणि अंगणात खाट. परत आली की तिचा श्वास खरोखर मोकळा वाटायचा. मग पुन्हा चूल, पुन्हा धूर. माथेरान-महाबळेश्वर ही नावं आमच्या घरात फक्त सिनेमाच्या गप्पांत निघायची.

हकीमसाहेब मनाचं सांगत नव्हते. युनानी तिब्बमध्ये 'असबाब-ए-सित्ता जरूरिया' आहेत, म्हणजे तब्येत ज्यांवर अवलंबून असते अशा सहा गोष्टी. खाणंपिणं, झोप-जागरण, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि शांतता, शरीरात काय राहतं आणि काय बाहेर पडतं, आणि या सगळ्यांच्या आधी हवा. अकराव्या शतकात इब्न सीनाने 'अल-कानून' लिहिलं त्यातही हवेची चर्चा लांबलचक आहे: ऋतूची, डोंगरावरची, समुद्रकाठची, दलदलीजवळची.

इंग्रजांचाही हवेवर विश्वास होता, पण भीतीपोटी. ताप दूषित हवेतून येतो असं तेव्हा युरोपातले डॉक्टर मानत. 'मलेरिया' या शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा. म्हणून साहेब लोक उन्हाळ्यात डोंगर शोधत फिरायचे. 1897 मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला आणि हवेवरचा तो आरोप पुसला गेला. उंचावर थंडीमुळे डास कमी होतात. म्हणजे गुण येत होता, कारण मात्र चुकीचं धरलं होतं.

आता माथेरान. पुस्तकात वाक्य असतं: 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान 'शोधलं'. मी हे वाक्य वर्गात वाचते तेव्हा थांबते. त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून राहत होते. 'माथ्यावरचं रान' हे नाव काही साहेबाने ठेवलेलं नाही. मॅलेट पायथ्याच्या चौकहून वर चढले, त्यांना सावली आणि गारवा आवडला, त्यांनी घर बांधलं. मग गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले, बंगले झाले, त्यांच्यामागून मुंबईचे पारशी, बोहरा, खोजा, गुजराती शेठ आले. साधारण 800 मीटर उंची आणि मुंबईपासून इतकं जवळ, दुसरं काय हवं?

पण वर जायचं कसं? नेरळपर्यंत आगगाडी 1850 च्या दशकातच आली होती. पुढे घोडा, पालखी नाहीतर पाय. म्हणजे एकाच्या फुप्फुसांना स्वच्छ हवा मिळावी म्हणून चौघांनी धापा टाकत चढायचं. हवापालटीच्या इतिहासात खोल्यांची, देखाव्यांची, पॉइंटांची वर्णनं भरपूर सापडतात. पालखीच्या दांड्याखालच्या माणसाला त्या हवेने काय दिलं, हे कोणी लिहिलेलं मला तरी वाचायला मिळालं नाही.

इथे आपल्या ओळखीचं एक घराणं येतं. सर आदमजी पीरभॉय, धोराजीहून मुंबईत येऊन मोठे झालेले दाऊदी बोहरा व्यापारी. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ-माथेरान रेल्वे बांधली. 1904 मध्ये काम सुरू झालं, 1907 मध्ये गाडी धावू लागली. खर्च 16 लाख रुपये, आणि तो वडिलांनी उचलला. आदमजींना एकदा नेरळला वर जायला वाहनच मिळालं नाही, म्हणून त्यांनी ईर्ष्येने गाडी आणली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे. इतिहासाच्या पेपरात मात्र तिला मी मार्क देणार नाही. कारण काहीही असो, दोन फुटांच्या रुळांवरची ती गाडी वीसेक किलोमीटर वळत वळत चढते, काही ठिकाणी वीस फुटांमागे एक फूट. वाटेत एकच बोगदा. त्याचं नाव 'वन किस', आणि ते ऐकून सहलीतली मुलं काय करतात ते शिक्षकांना विचारा.

या गाडीने हवापालट थोडी स्वस्त केली. तिकीट काढलं की कोणीही वर. मुसलमानांनी या राज्यात काय बांधलं असं कोणी विचारलं की आपण किल्ले आणि मशिदी मोजतो. हे रूळही मोजायला हवेत. त्यांना पाऊस मात्र आवरत नाही. 2005 च्या जुलैत मार्ग वाहून गेला आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडलं.

खांदे मात्र सुटले नाहीत. माथेरानात मोटारींना बंदी, म्हणून दस्तुरी नाक्यापुढे माणूस ओढत असलेल्या रिक्षा चालत राहिल्या. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानवी ठरवली आणि सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्याव्यात असं सांगितलं. धूर नको म्हणून मोटारी बंद ठेवल्या, यात चूक काहीच नाही. पण यंत्राच्या जागी माणूस जुंपला, याची लाज वाटायला स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली.

निसर्गाने बरं वाटतं हे मी नाकारत नाही. 1984 मध्ये रॉजर उलरिख या अमेरिकन संशोधकाने पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण तपासले. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांच्या भिंतीकडे पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. रुग्ण फक्त 46 होते, पण तो अभ्यास अजून सांगितला जातो. आमच्या दादीच्या चिंचेला मी त्यातच धरते.

गेल्या हिवाळ्यात सहल घेऊन माथेरानला गेले होते. एक मुलगा रिक्षा ओढणाऱ्या काकांसोबत चालत राहिला आणि त्याने विचारलं, "चाचा, तुम्हाला इथली हवा मानवते का?" काका हसले. म्हणाले, वडीलही हेच करायचे, हवा चांगलीच आहे. मग मी कोर्टाच्या निकालाबद्दल विचारलं. त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "ई-रिक्षाच्या यादीत नाव आहे का, तेच बघायला उद्या जायचंय मॅडम. तुम्ही मुलांना घेऊन पुढे व्हा, चढ आहे."