सुख शिकविण्याची परंपरा

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. अहोरात्र चाके फिरणाऱ्या या ठिकाणी 'सुख' शब्दाचा जुना अर्थ विशेष शोभतो. ऋग्वेदात तो रथाचे विशेषण म्हणून येतो. 'ख' म्हणजे चाकाच्या मध्यातील, आस बसविण्याचे छिद्र. ते उत्तम घडलेले असले की रथ सुरळीत धावतो.

जैन आचार्यांनी या शब्दाला निराळी खोली दिली. अन्न, वस्त्र, मानसन्मान यांपासून होणारे सुख सातावेदनीय कर्माच्या उदयाचे. उदय सरला की तेही सरते. अनंत सुख मात्र आत्म्याचा स्वभाव आहे. ते बाहेरून आणावयाचे नसून त्यावरील आवरण दूर करावयाचे असते. परंतु हे बालकांना शिकवावे कसे?

कल्याणहून येणारा हाच रस्ता पुढे पाथर्डीस जातो. त्या परिसरातील चिचोंडी येथे १९०० साली जन्मलेल्या नेमिचंदांनी १९१३ साली दीक्षा घेतली व ते आनंदऋषी झाले. त्यांच्या प्रेरणेने १९३६ साली तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले. धर्मशिक्षणास क्रम आणि शिस्त लाभली. हे कार्य थोरच. तथापि परीक्षेच्या मागोमाग पाठांतरही येते.

कुंभोजच्या जैन कुटुंबातील कर्मवीर भाऊराव पाटील यांचा मार्ग वेगळा होता. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र जेवत आणि श्रम करीत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडावयास दिले. तेथे सुख हा शिकविण्याचा विषय नव्हता. स्वतः राबून मिळविलेली भाकरी शेजाऱ्यासह खाणे, एवढेच होते.

दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ साली आनंदाचा स्वतंत्र तास सुरू झाला. महाराष्ट्रात २०२४ साली 'आनंददायी शनिवार' आला. येथे सुख म्हणजे ताणमुक्त मन. हेतू स्तुत्य आहे, परंतु गुणांचा ताण वाढविणाऱ्या शाळेनेच त्यावर उताराही द्यावा, हे थोडे विचित्रच!

पाचव्या अणुव्रतात गृहस्थ आपल्या शेताची, घराची, सोन्याची, धान्याची मर्यादा स्वतः आखतो. पाठशाळेतील मुलास परिग्रह-परिमाणाची व्याख्या मुखोद्गत असते. घरी तशी मर्यादा आखली जाताना त्याने पाहिलेली असतेच, असे नाही.