जंगलातले रेडिओ केंद्र आणि त्याची देखभाल : गोवामुक्तीतील एक दुर्लक्षित बाजू

गोवामुक्तीच्या इतिहासात २५ नोव्हेंबर १९५५ या दिवसाची नोंद बहुधा एका वाक्यात उरकली जाते. त्या दिवशी आंबोलीच्या रानातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ प्रथम ऐकू आला. पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव ‘व्हॉझ दा लिबर्दाद’. तारीख मोठी सूचक होती. ४४५ वर्षांपूर्वी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, आफोंसो द आल्बुकर्क याने गोवा जिंकला होता. वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि निकोलाव मिनेझिस यांची नावे या केंद्राशी जोडलेली आहेत, आणि पुढे वामन व लिबिया या दोघांनी ते डिसेंबर १९६१ पर्यंत चालविले. सरदेसाईंना १९९२ साली आणि लिबियाबाईंना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली. आवाजाची आठवण देशाने उशिरा का होईना ठेवली. परंतु आवाज ज्या यंत्रातून बाहेर पडतो त्या यंत्राची निगा हा प्रश्न आपल्या लिखाणात जवळजवळ येतच नाही. भाषेच्या चळवळीत आयुष्य घालविलेली आपण मंडळी कोणत्या भाषेत किती मिनिटे प्रसारण झाले याचा हिशेब मागतो; ती मिनिटे कोणी राखली, हे विचारीत नाही.

प्रथम परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहावर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यानंतर भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले, सीमा बंद झाली, रेल्वेची ये-जा थांबली. बेळगाव, सावंतवाडी, मुंबई येथून गोव्यात जाणारे छापील शब्द नाक्यावर अडत. कागद अडविता येतो, त्याची झडती घेता येते. ध्वनिलहरीला नाका नसतो. म्हणून रेडिओ.

यंत्र आले कोठून? १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली मुक्त झाल्या, तेव्हा पोर्तुगीजांची बिनतारी यंत्रे मुक्तिसैनिकांच्या हाती आली. त्यांचेच रूपांतर करून प्रक्षेपक उभा केला गेला आणि तो मालमोटारीत बसविला गेला. म्हणजे पोर्तुगीज सत्तेने आपल्या चौक्यांमध्ये निरोप धाडण्यासाठी घेतलेले यंत्र तिच्याच विरोधात बोलू लागले. ही गंमत सगळेच सांगतात. तंत्रज्ञाच्या दृष्टीने मात्र येथूनच अडचणींना प्रारंभ होतो. ठाण्याठाण्यांत निरोप देणारे बिनतारी यंत्र थोडा वेळ चालते, मग विसावा घेते. प्रसारणात ते सलग चालवावे लागते. त्याचे वॉल्व्ह तापतात, ट्रान्सफॉर्मर तापतो, आणि जो भाग मूळच्या कामात वर्षानुवर्षे टिकला असता तो काही महिन्यांत दम टाकतो.

त्यात जागा आंबोलीची. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच, कोकण आणि गोव्याच्या डोक्यावर असलेली ही घाटमाथ्याची कड प्रक्षेपणास उत्तम होय. उंचीचा लाभ एरियलला विनासायास मिळतो. परंतु वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे हे ठिकाण यंत्राचे वैरीच म्हणावे. जून ते सप्टेंबर धुके खोलीत शिरते, भिंतीला ओल, कपड्यांना बुरशी. जी बुरशी चपलेवर चढते तीच तारांवरील कापडी वेष्टनावर आणि ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशावर चढते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आणि पॅसिफिकच्या जंगलांत सैन्याची यंत्रे याच कारणाने निकामी होऊ लागली, तेव्हा त्यांवर बुरशीनाशक वार्निश चढविण्याची पद्धत रूढ झाली. उष्ण प्रदेशासाठी न बनविलेल्या यंत्राला ते कवच नसते. त्याच्यावर एकच घरगुती उपाय: यंत्र थंड पडू द्यायचे नाही. प्रसारण नसेल तेव्हाही पेटीत एक लहानसा दिवा जळत ठेवावयाचा, म्हणजे आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कोमट राहते आणि दव धरत नाही. वॉल्व्हच्या काळातले तंत्रज्ञ हे सर्रास करीत.

वॉल्व्ह हा शब्द आजच्या तरुण वाचकास पाण्याच्या नळाची आठवण करून देईल, म्हणून दोन शब्द. ही काचेची निर्वात नळी. आतला तंतू तापला की धातूच्या आवरणातून विद्युत्कण सुटतात आणि त्यांच्या प्रवाहाला वळण लावून आवाज मोठा केला जातो. ती दिव्यासारखी अचानक विझते तेव्हा काम सोपे असते, नवी बसवावी. कठीण प्रकार हा की ती हळूहळू म्हातारी होते. आवाज रोज जरासा बारीक पडतो, इतका जरासा की केंद्रावर बसलेल्या माणसाला कळतही नाही. कळते ते चाळीस-पन्नास किलोमीटरवर कान लावून बसलेल्या श्रोत्याला, आणि तो तक्रार करू शकत नाही, कारण पोर्तुगीज पोलिसांच्या नजरेखाली ते ऐकणेच त्याला महागात पडणारे. म्हणून शहाणा तंत्रज्ञ कानावर विसंबत नाही. तो ठराविक वेळी मीटर वाचतो आणि वहीत आकडा लिहितो. कोर्टाचा रोजनामा जसा असतो तसा हा यंत्राचा रोजनामा. आजचा आकडा एकटा काहीच बोलत नाही. गेल्या महिन्याच्या आकड्याशेजारी ठेवला की साक्ष देतो. आमच्या व्यवसायात तोंडी साक्षीपेक्षा वेळच्या वेळी केलेल्या नोंदीला मान असतो, तो का, हे प्रक्षेपकाच्या नोंदवहीवरून चटकन उमगते.

बिघाड झालाच तर शोध कसा करायचा? अननुभवी मनुष्य प्रथम सर्वांत गुंतागुंतीचा भाग उघडतो. अनुभवी मनुष्य वीज आत येते तेथून आरंभ करतो. रानात वीज म्हणजे जनित्र. जनित्र म्हणजे पेट्रोल, आणि पेट्रोलमध्ये पाणी, कार्ब्युरेटरमध्ये कचरा, प्लगवर काजळी. प्रक्षेपकाचा म्हणून सांगितला जाणारा दोष निम्म्या वेळा जनित्राचा निघतो. जनित्राची गती डळमळली की दाब डळमळतो; बारीक अंदोलक-स्फटिकाने बांधलेली नसेल तर लहरीची लांबी सरकते, आणि गोव्यातला श्रोता नेहमीच्या जागी काटा ठेवून बसतो तेथे त्याला शुकशुकाट ऐकू येतो. जनित्र ठीक असेल तर मग नाक आणि कान: जळक्या वार्निशाचा वास ट्रान्सफॉर्मरकडे बोट दाखवितो, संथ गुणगुण गाळणीच्या कंडेन्सरकडे, थांबून थांबून येणारी खरखर एखाद्या सुटलेल्या सांध्याकडे. सांधा सुटला तर डाख द्यायची. आणि एक गोष्ट जिवाची: वीज बंद केली तरी उच्च दाबाच्या कंडेन्सरमध्ये ती साठून राहते. जमिनीला जोडलेल्या काठीने ती उतरविल्यावाचून आत हात घालणाऱ्यास दुसरी संधी मिळत नाही. वीज ‘बंद आहे’ या तोंडी आश्वासनावर कोणी विसंबू नये, हा या धंद्याचा पहिला धडा.

येथे भाषाशास्त्राचा प्रश्न येतो, आणि तो मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो. बोलण्यातील स्वर जोरदार असतात आणि खालच्या पट्टीत राहतात. व्यंजने दुबळी, क्षणिक, आणि त्यांची ओळख मुख्यतः १००० ते ४००० हर्ट्झच्या वरच्या पट्टीत असते. यंत्र आजारी पडले की प्रथम ही वरची पट्टी मरते. मग स्वर ऐकू येतात, मनुष्य बोलतो आहे हे कळते, पण काय बोलतो ते कळत नाही. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत भेद एका व्यंजनाचा. खरखरीत तो पहिल्यांदा बुडतो, आणि बातमीतील आकडा आठपटीहून अधिक होतो. आवाज मोठा करण्याच्या हव्यासाने प्रक्षेपकावर जादा भार टाकला तर लहरीचे शेंडे कापले जातात, आणि पुन्हा व्यंजनांचाच बळी जातो. पोर्तुगीज आणि कोंकणी या दोन्ही भाषा अनुनासिक स्वरांनी भरलेल्या. कोंकणीत नाकातला उच्चार कित्येकदा शब्दाचे वचन अथवा विभक्ती ठरवितो. तो भेद शाबूत पोहोचविणे हे व्याकरणाचे काम खरे, परंतु रानात ते काम कंडेन्सर बदलणाऱ्याच्या हाती असते.

प्रसारण मुख्यतः पोर्तुगीज व कोंकणीत होते. आपल्यापैकी काहींना हे खटकेल, हे मी जाणून आहे. गोव्यातील मराठीच्या स्थानावर आपण किती शाई ओतली आहे! तथापि मला ही निवड योग्य वाटते. नोटीस बजावायची ती ज्याच्यावर बजावायची त्याला समजेल अशा भाषेत, हा साधा नियम आहे. पोर्तुगीज शिपाई, कारकून आणि पोर्तुगीज शाळेत घडलेला सुशिक्षित गोंयकार यांना उद्देशून बोलायचे तर ते पोर्तुगीजमध्येच बोलावे लागते. घराघरांत शिरायचे तर कोंकणीत. मराठी वाचणारा गोमंतकीय मुद्रित मराठीवर वाढला होता आणि कोंकणी त्याच्या कानाची होतीच. ज्या यंत्राचा प्रत्येक मिनिट पेट्रोल आणि वॉल्व्हचे आयुष्य खातो, त्या यंत्रावर तिसऱ्या भाषेची चैन परवडते काय, हाही प्रश्न होता असे मी मानतो.

पुढे केंद्र आंबोलीहून कॅसलरॉकला हलले. सीमेवरचे हे रेल्वे ठाणे तेव्हा मुंबई राज्याच्या उत्तर कानडा जिल्ह्यात होते. केंद्र चालू असण्याच्या काळातच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, तो जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सुपे, हल्याळ, कारवार या तालुक्यांचा आपला दावा त्या दिवसापासूनचा. एका सीमेच्या विसर्जनासाठी झटणारे केंद्र ज्या भूमीवर उभे होते, तेथेच दुसरी सीमा आखली गेली; हे वाचताना सीमाभागातील मनुष्यास काय वाटते ते सांगायला नको.

कायद्याची एक बाब नोंदवितो. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमानुसार परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच अपराध होता. भारतीय हद्दीत सहा वर्षे एक प्रक्षेपक बोलत राहतो आणि कोणी हटकीत नाही, याचा अर्थ दिल्लीची मूक संमती होती असाच घ्यावा लागतो. त्याने या कार्यकर्त्यांचे कष्ट कमी होत नाहीत. सरकारच्या मूक संमतीने जनित्रातले पाणी निघत नाही.

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी, बेळगावजवळच्या सांबरा तळावरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. पोर्तुगीजांची किनाऱ्यावरची यंत्रणा अशी गेल्यावर बाहेरच्या जगाशी बोलण्याचे काम मुरगाव बंदराबाहेर उभ्या असलेल्या एका युद्धनौकेवर पडले. तिचे नाव ‘आफोंसो द आल्बुकर्क’. दुपारी भारतीय नौदलाच्या तोफांचा मारा तिच्यावर झाला. कप्तान जबर जखमी झाला आणि नौकेचा रेडिओ अधिकारी ठार झाला. शत्रुपक्षाचा असला तरी तोही यंत्र सांभाळणाराच. त्याचा उल्लेख गाळणे मला प्रशस्त वाटत नाही. भक्कम इमारतीतले, पक्क्या विजेवरचे केंद्र एका सकाळीत मुके झाले, आणि रानातली ओल खाल्लेले यंत्र मात्र त्या दिवशीही बोलत होते. शरणागती पत्करण्याविषयी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलला केलेले आवाहन त्याच्यावरून दिले गेले होते.

शरणागतीनंतर वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांना विमानात नेण्यात आले. विमानाला ध्वनिवर्धक बसविलेला होता. पणजी आणि आसपासच्या भागावर घिरट्या घालीत त्यांनी पोर्तुगीज व कोंकणीत गोवा मुक्त झाल्याची घोषणा केली. सहा वर्षे ज्यांचा चेहरा श्रोत्यांनी पाहिला नव्हता, त्यांचा आवाज त्या दिवशी आभाळातून उघडपणे खाली आला.

आंबोली, चौकूळ, कॅसलरॉक, लोंढा, रामनगर या पट्ट्यातील वाचकांना एक विनंती. आपल्या घरातील कोणी वडीलधाऱ्याने त्या काळात डोंगरावर पेट्रोलचे डबे वाहिले असतील, एरियलसाठी झाड निवडून दिले असेल, मुंबईहून वॉल्व्ह कापसात गुंडाळून आणले असतील, जनित्र दुरुस्त केले असेल, तर ती हकिकत नाव, गाव आणि सालासह लिहून ठेवावी. मराठीत लिहा, कोंकणीत लिहा, कानडीत लिहा. जुनी वही, पावती किंवा छायाचित्र असेल तर ते ओलीपासून जपा आणि त्याची प्रत काढून ठेवा.