मॉलमधलं झाड आणि बाजारातली चिंच

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, गोंदियाच्या गोष्टींमध्ये मॉल कुठून आला? थांबा जरा. आज बोलायचंय खरेदीच्या जागेतल्या झाडापाण्याबद्दल. ज्याला आता लँडस्केप डिझाईन म्हणतात, त्याचे पैसे घेतात आणि त्याच्या पदव्याही देतात. माझं म्हणणं असं, की आपल्या आठवडी बाजाराला हे सगळं होतं. ते आपण हरवलं कसं, हा खरा इतिहास.

आधी थोडं लांब जाऊ. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात इडायना नावाचं गाव आहे. तिथे 8 ऑक्टोबर 1956 ला साउथडेल सेंटर उघडलं. चारी बाजूंनी बंद, वातानुकूलित असं हे पहिलं मोठं शॉपिंग सेंटर. आर्किटेक्ट व्हिक्टर ग्रुएन, मूळचा व्हिएन्नाचा, 1938 मध्ये नाझींपासून पळून आलेला. त्याने दुकानांच्या मधोमध चौक ठेवला. त्यात खरी झाडं, मासे असलेलं तळं, पक्ष्यांचा उंच पिंजरा. त्याचा हिशोब सोपा होता: माणूस टेकला, रमला, की खरेदी आपोआप होते. गंमत बघा, त्यानंतर महिनाभरातच, 1 नोव्हेंबर 1956 ला, आपला भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. तेव्हा आपण भंडारा जिल्ह्यात होतो.

आता आपल्याकडे या. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसला टेकतो, हे तुम्हाला काय सांगायचं! अशा मुलखात बाजाराची जागा ठरवताना पहिला प्रश्न सावलीचा आणि दुसरा पाण्याचा. म्हणून बाजार भरायचा आमराईत, चिंचेखाली, वडाखाली, जमलं तर तलावाच्या पाळीजवळ. झाड कोणतं, यालाही अर्थ होता. मोह आपला लाडका, पण ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला त्याची पानं गळलेली असतात. चिंच, आंबा, वड त्या दिवसांतही सावली धरून असतात. पालेभाजी आणि पानवाल्याला दाट सावली हवीच, नाहीतर दुपारपर्यंत माल मान टाकतो. मडकी, बांबूच्या टोपल्या उन्हात ठेवल्या तरी चालतात. बैलबाजार पाण्याजवळ. हा नकाशा कुणी कागदावर काढला नाही, पण नकाशा होताच.

तलाव तर इथली ओळख. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांची परंपरा जुनी. नवेगावबांधचं श्रेय कोलू पाटील कोहळींना दिलं जातं. पुढे इंग्रजांनी 1860 च्या दशकात मध्य प्रांतात मालगुजारांना गावांचे मालकी हक्क दिले. तलाव, झाडं, पडीक जमीन, सगळं मालगुजाराच्या हाताखाली. त्यावरूनच ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव. मालगुजारी काही रामराज्य नव्हतं. बेगार होती, वसुली होती. पण सावली, पाणी आणि बाजार यांचा धनी एकच होता. बाजारातली चिंच तुटली तर बाजार पातळ होणार, हे त्याला कळत होतं.

मग मध्य प्रदेशाचा 1950 चा मालकी हक्क निर्मूलन कायदा आला. 31 मार्च 1951 ला हे हक्क सरकारकडे गेले. मला त्या कायद्यातली यादी फार आवडते: झाडं, विहिरी, तलाव, पायवाटा, हाट, बाजार, जत्रा, सगळं एकाच वाक्यात. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं की ही एकाच कुटुंबातली मंडळी आहेत. गेली मात्र वेगवेगळ्या घरी. तलाव सिंचनाच्या कागदात, झाड महसूल नाहीतर वन खात्यात, बाजार ग्रामपंचायत नाहीतर नगरपरिषदेत. बाजाराचा ठेका दरवर्षी निघतो. ठेक्यात पावती फाडणं असतं, रोप लावणं नसतं. ‘बाजार विकास’ म्हटलं की सिमेंटचे ओटे आणि वर टिनाचे शेड. पावसात बरे, खोटं कशाला बोलू! पण मे महिन्यात तापलेल्या टिनाखाली बसलेल्या भाजीवालीला विचारा. ती ओटा सोडून उरलेल्या झाडाखाली येऊन बसते, आणि मग तिलाच ‘अतिक्रमण’ म्हणतात.

1999 साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला. त्याच साली मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स हा देशातल्या सुरुवातीच्या मॉलपैकी एक उघडला. तेव्हापासून मोठ्या शोरूमसमोर बाटलीसारख्या खोडाचे पाम उभे करायची फॅशन आहे. फोटोला छान दिसतात, पण त्यांच्या सावलीत सायकलसुद्धा मावत नाही. तिकडे ग्रुएन म्हातारपणी व्हिएन्नाला परतला आणि मॉलचा जनक म्हणवून घ्यायलाही तयार नव्हता. त्याच्या डोळ्यासमोर गावातला चौक होता, आणि उभे राहिले गाड्यांच्या पार्किंगने वेढलेले डबे.

एक कामाची गोष्ट सांगतो. महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी वृक्ष कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांपेक्षा जुनं झाड आता ‘वारसा वृक्ष’ धरलं जातं. पण हा कायदा नागरी भागापुरता. गोंदिया शहरातल्या, तिरोड्यातल्या जुन्या चिंचेला हा आधार आहे. खेड्यातल्या बाजारातल्या चिंचेला नाही. आणि आपले बहुतेक बाजार खेड्यातच भरतात.

तुमच्या गावच्या बाजारात जुनं झाड असेल तर फोटो काढून पाठवा. कोणतं झाड आणि बाजाराचा वार कोणता, एवढं लिहा. पुढच्या भागात त्यातली काही झाडं घेऊ.