१२७८ साली रिद्धपुरात काय घडलं?

‘डेटा कलेक्शन’ म्हटलं की आपल्याला गुगल फॉर्म आठवतो. मला आता म्हाइंभट आठवतात.

मी नांदगाव पेठचा. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर आमच्याच अमरावती जिल्ह्यात, महानुभाव पंथाचं मोठं तीर्थस्थान. तिथे १२७८ च्या सुमारास, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या साधारण १२ वर्षं आधी, म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिलं. मराठी गद्यातलं हे पहिलं चरित्र मानतात.

आता त्यांची पद्धत बघा. चक्रधरस्वामी तेव्हा नव्हते. त्यांना पाहिलेली माणसं मात्र होती. म्हाइंभट अशा माणसांकडे गेले, आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. मुलाखती झाल्या, पडताळणीही झाली.

पुढे खलजीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली, असं परंपरा सांगते. मग ज्यांना ग्रंथ पाठ होता, त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा लिहिला गेला. साहजिकच पाठ वेगवेगळे झाले. हिराइसेच्या आठवणीतला पाठ आजही ‘हिराइसा पाठ’ म्हणून ओळखला जातो. महानुभावांनी हे फरक पुसले नाहीत. ‘वासना’ असा शब्द वापरून वेगळा पाठ पोथीतच नोंदवला. वासना म्हणजे इथे पाठभेद, बरं का! डॉ. वि. भि. कोलते यांनी अशा अनेक पोथ्या ताडून पाहिल्या. त्यांची संपादित आवृत्ती आली १९७८ मध्ये, बरोबर ७०० वर्षांनी.

मी विज्ञानाचा विद्यार्थी, मग हे का सांगतोय? गेल्या वर्षी माझी हार्ड डिस्क गेली. चार महिन्यांची रीडिंग्ज नोंदवही आणि ज्युनिअरच्या कॉपीवरून पुन्हा भरली. काही आकडे जुळेनात. एक संच ठेवून दुसरा गुपचूप खोडायचा, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. कोणाला कळलंही नसतं. तेव्हाच हे ‘वासना’ प्रकरण वाचनात आलं. शेवटी दोन्ही आकडे ठेवले, कोणता कुठून आला ते समोर लिहिलं. गाईडसमोर थोडं ऐकून घ्यावं लागलं, पण प्रयोग पुन्हा कुठे करायचा ते त्या फरकावरूनच समजलं.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर आजच नोंदवहीत एक रकाना वाढवा: ‘कोणाकडून, कधी’. आणि जमलं तर एकदा रिद्धपूरला जाऊन या.