दोन कान आणि एक पेटी



गेल्या दिवाळीच्या सुमारास एका स्नेह्यांच्या घरीं गेलों असतां तेथें एक वाद रंगात आला होता. दिवाणखान्याच्या भिंतीवर मोठ्या पडद्याचा नवा टेलिव्हिजन लागला होता, आणि आतां त्याच्या आवाजाची सोय कशी करावी हा प्रश्न होता. चिरंजीवांचें म्हणणें, खोलीच्या चारी बाजूंस वेगवेगळे स्पीकर बसवावे. सूनबाईंचें म्हणणें, टेलिव्हिजनखालीं एक लांबट पेटी, जिला साउंडबार म्हणतात, ती ठेवली म्हणजे पुरे. तारांचें जाळें घरांत नको. घरांतील वृद्ध आजोबा एवढेंच म्हणाले, "आवाज कोठूनहि येवो, नाटकांतलीं माणसें काय बोलतात तें मला कळलें म्हणजे झालें." हे तीन पक्ष ऐकून मला वाटलें, कीं हा वाद त्या घरापुरता नव्हेच. तो जवळजवळ दीडशें वर्षांचा जुना आहे. त्याचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत ठेवण्याचा विचार आहे.

मनुष्याला दोन कान कां, येथून आरंभ केला पाहिजे. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित् आधीं पोंचतो व उजव्या कानाला मागाहून. हें अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी असतें. तथापि मेंदूला तेवढें पुरतें. उंच पट्टीच्या आवाजाच्या बाबतींत आपलें मस्तकच आड येतें, आणि पलीकडल्या कानावर जणूं त्याची सांवली पडते. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनीं १९०७ सालीं या दोन्ही गोष्टींची मांडणी केली. दिशा ओळखण्याचें काम अशा रीतीनें दोन कानांच्या तुलनेवर चालतें.

परंतु शास्त्राच्या आधीं अनुभव आला होता. १८८१ सालीं पॅरिस येथें विजेचें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें. क्लेमां आदेर या फ्रेंच यंत्रज्ञानें तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचावर पुढल्या बाजूस मायक्रोफोन मांडले व त्यांच्या तारा प्रदर्शनाच्या इमारतींत आणल्या. प्रत्येक श्रोत्याच्या हातीं टेलिफोनचीं दोन ऐकण्याचीं साधनें दिलीं होतीं. एक डाव्या कानाशीं धरावयाचें, दुसरें उजव्या. प्रत्येक कानास वेगळ्या मायक्रोफोनचा आवाज येई. गायक रंगमंचावर या टोकाकडून त्या टोकाकडे गेला, कीं ऐकणाराला तो चालत असल्याचा स्पष्ट भास होई. पुढें १८९० पासून १९३२ पर्यंत हीच सोय 'थिएटरोफोन' या नांवानें पॅरिसमध्यें वर्गणीदारांना मिळत असे. मात्र तींत एक उणीव होती: ज्याच्या कानाला साधन, त्यालाच गाणें. शेजारीं बसलेल्या पत्नीला किंवा मुलाला त्यांतलें कांहीं मिळत नसे.

सर्व कुटुंबानें एकत्र बसून ऐकावयाचें, हें काम ग्रामोफोनच्या कर्ण्यानें केलें. १९०२ सालीं कलकत्त्यास गोहर जान यांचें गाणें तबकडीवर उतरलें, आणि त्यानंतर आपल्याकडील मोठमोठ्या गवयांचे आवाज घरोघर पोंचूं लागले. १९२७ सालीं मुंबईस नभोवाणी सुरू झाली, तेव्हां कर्ण्याच्या जोडीला रेडिओची पेटी आली. येथें कुटुंब एकत्र आलें, पण दिशा हरपली. गायक, सारंगी, तबला, सारे एकाच छिद्रांतून बाहेर पडूं लागले. आमच्या आईवडिलांच्या पिढीनें त्या एका पेटीभोंवतीं बसून जो आनंद घेतला तो उणा होता असें कोण म्हणेल? तरी दोहोंपैकीं एका कानाला काम उरलें नव्हतें, हेंहि खरें.

एकत्र ऐकणें आणि दिशा, या दोन्ही गोष्टी एके ठिकाणीं आणण्याचें श्रेय ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज यंत्रज्ञास द्यावें लागतें. पत्नीसह बोलपट पाहावयास गेले असतां त्यांच्या लक्षांत आलें, कीं नट पडद्याच्या एका टोकास उभा असला तरी त्याचा आवाज दुसरीकडूनच येतो. आवाज नटाच्या मागोमाग नेण्याची युक्ति मला सांपडली आहे, असें ते पत्नीस म्हणाले, अशी हकीकत आहे. १४ डिसेंबर १९३१ रोजीं त्यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला. एकाच तबकडीच्या एकाच चरीच्या दोन उतारांवर दोन निरनिराळे आवाज कसे कोरावे, हेंहि त्यांत होतें. १९३४ सालीं लंडनच्या ॲबी रोड येथील ध्वनिगृहांत सर थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचें त्यांनीं या रीतीनें प्रायोगिक मुद्रणहि केलें. परंतु युद्ध आलें. ७ जून १९४२ रोजीं विमानांतील रडारची चांचणी घेत असतां विमान कोसळून ब्लूमलाइन मरण पावले. वय अवघें ३८. त्यांच्या पेटंटांतील कल्पनेच्या तबकड्या बाजारांत येण्यास १९५८ साल उजाडावें लागलें.

याच सुमारास अमेरिकेंत दुसरा प्रयोग झाला, आणि आपल्या प्रश्नाशीं त्याचा अधिक जवळचा संबंध आहे. २७ एप्रिल १९३३ रोजीं फिलाडेल्फिया येथें वाद्यवृंद वाजत होता आणि श्रोते वॉशिंग्टनच्या सभागृहांत बसले होते. मध्यें टेलिफोनच्या तारा. बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर प्रभृति शास्त्रज्ञांनीं रंगमंचावर तीन मायक्रोफोन व सभागृहांत त्यांच्या जोडीचे तीन स्पीकर ठेवले होते. तत्त्वतः मायक्रोफोनांचा एक संपूर्ण पडदाच उभारावा आणि पलीकडे तितक्याच स्पीकरांचा दुसरा पडदा, म्हणजे हुबेहूब आवाज मिळेल. व्यवहारांत तीनांनींच काम भागतें, असें त्यांना आढळलें. दोन कां नाहींत? कारण दोन स्पीकरांच्या बरोबर मध्यें बसणाराला गायक मध्यें दिसतो, म्हणजे ऐकूं येतो. पण एका बाजूस बसणाराच्या कानाला तो जवळच्या स्पीकराकडे सरकतो. तिसरा, मधला स्पीकर त्याला जागेवर धरून ठेवतो. चित्रपटांतील संवाद आजहि मुख्यतः मधल्याच स्पीकरांतून येतात, आणि आमच्या आजोबांच्या प्रश्नाचें उत्तर तेथेंच आहे.

पुढें चित्रपटगृहांनीं स्पीकर वाढवीत नेले. १९७५ चा 'शोले' सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर स्टिरिओ आवाजासह पाहिलेले लोक अद्याप ती गोष्ट सांगतात. घरांत मात्र हें सहज घडलें नाहीं. १९७० नंतर चार स्पीकरांची एक पद्धत निघाली. परंतु निरनिराळ्या कंपन्यांच्या पद्धती एकमेकींशीं जुळेनात, खोलींत चार पेट्या ठेवण्यास गृहिणी राजी होईनात, आणि दहा वर्षांच्या आंत ती पद्धत नामशेष झाली. १९९६ सालीं जपानमध्यें डीव्हीडी आली, तेव्हां पुन्हां पांच स्पीकर व खर्जाच्या आवाजासाठीं सहावी पेटी, असा संच घरोघर येऊं लागला. तोंच टेलिव्हिजन चपटा झाला. त्याच्या पातळ देहांत चांगल्या स्पीकरास जागा उरली नाहीं. या अडचणींतून साउंडबारचा प्रसार झाला. २००४-०५ च्या सुमारास यामाहा कंपनीनें एका पेटींत चाळीस लहान स्पीकर ओळींत बसविले. त्यांचा आवाज किरणाप्रमाणें बाजूच्या भिंतींवर फेंकून परतविला, कीं तो मागून आल्यासारखा वाटे. तो पाहिल्यावर मला फ्लेचर यांच्या त्या ध्वनीच्या पडद्याचें स्मरण झालें. जणूं तोच पडदा हातभर लांबीचा होऊन घरांत आला होता!

आतां निर्णय. भिंतींवरून आवाज परतवावयाचा तर भिंत हवी. एका बाजूस स्वयंपाकघर उघडें, दुसऱ्या बाजूस गॅलरी, अशा आजच्या सदनिकेंत ही युक्ति बहुधा फसते. आणि पेटी लहान तितकें डावें-उजवें जवळ येतें. वेगळे स्पीकर या बाबतींत नि:संशय सरस. शिवाय त्यांतला एक बिघडला तर तेवढाच बदलतां येतो. परंतु ते नीट अंतरावर, कानाच्या उंचीवर, मधल्या आसनाकडे तोंड करून मांडले तरच. कपाटावर एक आणि खुर्चीमागें दुसरा अशी मांडणी केली, तर त्यांपेक्षां एक पेटी बरी.

म्हणून त्या घरांत मीं असें सुचविलें: खोली मोजा, आणि घरांत कोण काय ऐकतें तें पाहा. ज्यास गाणें ऐकावयाचें आहे व मध्यभागीं बसण्यास निवांतपणा आहे, त्यानें आधीं दोनच चांगले स्पीकर घ्यावे. बाकीचे मागाहून येतील. खोली लहान, बसणारे अनेक, आणि मुख्य गरज बोलणें स्वच्छ कळण्याची, तर साउंडबार घ्यावा. मात्र त्यांत संवादासाठीं स्वतंत्र मधला स्पीकर आहे याची दुकानांतच खात्री करून घ्यावी, आणि ऐकावयास आजोबांना बरोबर न्यावें.

पॅरिसच्या त्या श्रोत्यांना दिशा मिळाली, पण सोबत मिळाली नाहीं. आमच्या वडिलांना सोबत मिळाली, पण दिशा नाहीं. आपणांस दोन्ही मिळण्याची सोय आज झाली आहे. त्या घरीं अखेर साउंडबार आला. परवां गेलों तेव्हां आजोबा पुढल्या खुर्चीत बसले होते, आणि नाटकांतील विनोदाला इतरांबरोबर, त्याच क्षणीं हंसले. पूर्वीं ते दुसऱ्यांस हंसतांना पाहून मागाहून हंसत असत.