कर्करोगातील असाधारण प्रतिसाद

एखाद्या औषधाचा बहुतेक रुग्णांना काहीच उपयोग होत नसताना एकाच रुग्णाची गाठ पूर्ण विरघळते, किंवा इतरांना जेमतेम काही महिने मिळणारा आराम एखाद्याला वर्षानुवर्षे टिकतो. कर्करोगशास्त्रात याला असाधारण प्रतिसाद म्हणतात. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने २०१४ मध्ये अशा रुग्णांचा पद्धतशीर शोध सुरू केला आणि त्यासाठी मोजमाप ठरवले. ज्या उपचाराला दहा टक्क्यांहून कमी रुग्ण दाद देतात, त्याने गाठ नाहीशी झाली किंवा ठळकपणे आक्रसली, तर तो प्रतिसाद असाधारण. नेहमीच्या मध्यम कालावधीच्या किमान तिप्पट टिकलेला प्रतिसादही असाधारणच. आक्रसणे डोळ्यांनी ठरवत नाहीत. स्कॅनवरच्या निवडक गाठींच्या व्यासांची बेरीज किमान ३० टक्क्यांनी घटावी लागते.

उपचाराविनाच गाठ ओसरणे ही वेगळी घटना आहे. टिल्डेन एव्हरसन आणि वॉरेन कोल या अमेरिकन शल्यविशारदांनी १९६६ मध्ये जगभरच्या नोंदी चाळून अशी १७६ उदाहरणे ग्राह्य धरली. मूत्रपिंडाचा कर्करोग आणि मेलॅनोमा यांत ती अधिक आढळतात. न्यूरोब्लास्टोमा या बालपणीच्या कर्करोगाचा एक प्रकार तर तान्ह्या बाळांच्या यकृतात, त्वचेत आणि अस्थिमज्जेत पसरलेला असूनही पुष्कळदा आपोआप मावळतो. अशा बाळाला औषध न देता नुसते लक्ष ठेवणे हाच कित्येकदा योग्य उपचार ठरतो. आईवडिलांना ते पटवून देणे मात्र डॉक्टरांना जड जाते.

अपवादात्मक रुग्णाच्या मागे लागून काही शिकता येते हे न्यूयॉर्कच्या विल्यम कोली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले. रुग्णालयाची जुनी दप्तरे पाहताना त्यांना मानेच्या सार्कोमाचा एक रुग्ण सापडला. वारंवार शस्त्रक्रिया करूनही त्याची गाठ परत येत होती. मग त्याला त्वचेचा तीव्र जंतुसंसर्ग झाला, ताप चढला आणि गाठ गेली. कोली यांनी त्या माणसाला शहरात हुडकून काढले, तेव्हा सात वर्षांनंतरही तो ठणठणीत होता. १८९१ पासून त्यांनी शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांना जाणूनबुजून जंतू, आणि पुढे मृत जंतूंचे मिश्रण टोचले. काहींच्या गाठी गेल्या, काही रुग्ण संसर्गाने दगावले, बहुतेकांना काहीच लाभ झाला नाही. फरक कशाने पडतो हे सांगायला त्या काळी प्रतिकारशक्तीचे शास्त्रच पुरेसे उभे राहिलेले नव्हते.

१९६८ मध्ये स्टीव्हन रोझेनबर्ग या तरुण सर्जनपुढे पित्ताशयाच्या दुखण्याचा एक रुग्ण आला. बारा वर्षांपूर्वी त्याच्या जठराचा कर्करोग यकृतात पसरलेला आढळला होता आणि डॉक्टरांनी आशा सोडून त्याला घरी पाठवले होते. रोझेनबर्ग यांनी पोट उघडले तेव्हा यकृतात गाठींचा मागमूस नव्हता. त्यांनी त्याचे रक्त जठराच्या कर्करोगाच्या दुसऱ्या एका रुग्णाला चढवून पाहिले, पण उपयोग झाला नाही. तरी तो प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्यांच्या पुढच्या कामातून इंटरल्यूकिन–२ हे प्रतिकारशक्ती चेतवणारे औषध कर्करोगाच्या उपचारात आले. १९९२ मध्ये त्याला मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली.

या विषयाला आजचे रूप ज्या रुग्णामुळे आले ती न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील एक स्त्री. तिचा मूत्राशयाचा कर्करोग शरीरभर पसरला होता. एव्हरोलिमस या औषधाच्या ४५ रुग्णांच्या चाचणीत ती सामील होती. चाचणी अपेक्षित परिणाम दाखवू शकली नाही आणि एरवी ते औषध या आजारापुरते बाद झाले असते. पण या एका स्त्रीच्या सर्व गाठी नाहीशा झाल्या आणि दोन वर्षे उलटली तरी परतल्या नाहीत. डेव्हिड सॉलिट यांच्या गटाने तिच्या गाठीचा आणि निरोगी पेशींचा संपूर्ण जनुकसंच वाचून शेजारी शेजारी ठेवला. हजारो बदलांच्या त्या गर्दीत टीएससी–१ या जनुकातून फक्त दोन अक्षरे गळाल्याचे दिसले. हे जनुक पेशीच्या वाढीला चालना देणाऱ्या एमटॉर या प्रथिनाला लगाम घालते. दोन अक्षरे गळाल्याने लगाम तुटला, गाठ सर्वस्वी एमटॉरच्या जोरावर वाढू लागली, आणि एव्हरोलिमस नेमके एमटॉरलाच रोखते.

एवढ्यावर गट थांबला नाही. त्याच चाचणीतील आणखी १३ रुग्णांच्या गाठी तपासल्या. टीएससी–१ बिघडलेल्यांचा आजार सरासरी ४.१ महिने आटोक्यात राहिला होता, इतरांचा १.८ महिने. ज्या नऊ जणांचा आजार वाढत गेला त्यांपैकी आठांचे जनुक शाबूत होते. २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि फसलेल्या चाचण्यांची कपाटे पुन्हा उघडण्याची लाट आली. माझ्या मते या अभ्यासाचा कणा त्या १३ रुग्णांत आहे. एकीच्या गाठीत कारण सापडले होते, ते खरे की योगायोग हे बाकीच्यांनी ठरवले.

एव्हरोलिमस ज्या रॅपामायसिनपासून बनले ते ईस्टर बेटावरच्या मातीतील एका जिवाणूपासून मिळाले, आणि ते वेगळे काढण्यात भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांचा मोठा वाटा होता. १९९८ मध्ये त्यांना स्वतःलाच पसरलेला आतड्याचा कर्करोग झाला. त्यांच्या मुलाने सांगितल्याप्रमाणे त्यांनी रॅपामायसिन घ्यायला सुरुवात केली आणि डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीपलीकडे ते जगले. पुढे औषधाचाच हा गुण का, हे पाहण्यासाठी त्यांनी ते थांबवले, आजार उलटला आणि २००३ मध्ये ते गेले. ही हकीकत मन हेलावते. पण त्यांच्या गाठीत नेमके काय बिघडले होते याचा उलगडा तिच्यात नाही, म्हणून तिच्या आधारे दुसऱ्या कुणाला ते औषध सुचवता येत नाही.

असाधारण म्हणजे कायमचा असेही नाही. बॉस्टनमध्ये ५७ वर्षांच्या एका स्त्रीला थायरॉइडचा अॅनाप्लास्टिक कर्करोग होता. या आजारात रुग्ण सहसा काही महिन्यांत दगावतात. एव्हरोलिमसने तिला १८ महिने सांभाळले, मग आजार उसळला. उपचारापूर्वीची आणि नंतरची अशा दोन्ही वेळच्या गाठी तपासता आल्यामुळे २०१४ मध्ये दोन्ही कारणे सापडली. आधी टीएससी–२ हे जोडीचे जनुक बिघडलेले होते, म्हणून औषध लागू पडले. नंतर एमटॉरमध्येच असा बदल झाला की औषधाला तिथे चिकटायला जागाच उरली नाही.

फुप्फुसाच्या कर्करोगात असा शोध आधीच, २००४ मध्ये लागला होता. गेफिटिनिब ही रोज एक घ्यायची गोळी. पाश्चात्त्य देशांतील सुमारे दहा टक्के रुग्णांनाच ती लागू पडे, पण त्यांच्यात फरक असा पडे की ऑक्सिजनवर असलेला माणूस काही दिवसांत चालू लागे. स्त्रिया, कधीच धूम्रपान न केलेले आणि पूर्व आशियाई वंशाचे रुग्ण या लाभार्थींत ठळकपणे जास्त होते. बॉस्टनमधील दोन गटांनी एकाच सुमारास कारण शोधले : ईजीएफआर या जनुकातील ठरावीक बदल. एका गटाने पाहिलेल्या नऊ लाभार्थींपैकी आठांत तो होता, लाभ न झालेल्या सातांपैकी एकातही नव्हता. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१३ मध्ये फुप्फुसाच्या अॅडिनोकार्सिनोमाच्या ९०७ भारतीय रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत २३ टक्क्यांत हा बदल निघाला. म्हणजे बॉस्टनमध्ये नवलाचा वाटणारा रुग्ण या रुग्णालयाच्या परळच्या ओपीडीत जवळपास दर चार-पाच जणांमागे एक होता. त्याच रुग्णालयाने २०२० मध्ये ३५० रुग्णांच्या चाचणीत दाखवले की गेफिटिनिबला केमोथेरपीची जोड दिली तर आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर जातो.

एका रुग्णाने वाट मोकळी केल्याची आणखी दोन उदाहरणे सांगितलीच पाहिजेत. जठर आणि आतड्याच्या भिंतीतील जीआयएसटी या गाठीवर कोणतीच केमोथेरपी चालत नसे. हेलसिंकीतील एका स्त्रीला मार्च २००० मध्ये रक्ताच्या कर्करोगावरचे इमॅटिनिब दिले आणि तिच्या गाठी झपाट्याने निवल्या. तिच्या एकटीच्या अहवालानंतर वर्षभरातच या आजाराचा उपचार पालटला. शांघायमध्ये १९८५ साली वांग झेन्यी यांनी तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया झालेल्या पाच वर्षांच्या मरणासन्न मुलीला अ जीवनसत्त्वापासून बनवलेले औषध दिले. ते कर्करोगाच्या पेशींना मारत नाही, त्यांना वयात आणते, आणि प्रौढ झालेली पेशी आपले आयुष्य संपवून जाते. ती मुलगी वाचली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४ रुग्णांपैकी २३ जणांचा आजार याच औषधाने पूर्ण ओसरला होता.

इम्युनोथेरपीच्या आरंभीच्या चाचण्यांत आतड्याच्या कर्करोगाच्या ३३ रुग्णांपैकी एकालाच गुण आला. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी त्या एकाची गाठ तपासली, तेव्हा डीएनएतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच तिच्यात मोडलेली आढळली. अशा गाठीत हजारो बदल साठतात आणि प्रतिकारशक्तीला ती परकी म्हणून ओळखू येते. २०१७ मध्ये अमेरिकेने या दोषावर, गाठ कोणत्या अवयवात आहे हे न पाहता, पेम्ब्रोलिझुमॅबला मान्यता दिली. २०२२ मध्ये हाच दोष असलेल्या गुदाशयाच्या कर्करोगात १२ पैकी १२ रुग्णांची गाठ डोस्टारलिमॅबने नाहीशी झाली, तीही शस्त्रक्रिया व किरणोपचार टाळून. ‘कॅन्सरवर औषध सापडले’ अशा मथळ्यांनी ती बातमी आपल्याकडे फिरली. मात्र गुदाशयाच्या कर्करोगात हा दोष साधारण पाच ते दहा टक्क्यांतच असतो, हे त्या मथळ्यांखाली क्वचितच छापले गेले.

पेशीचिकित्सेतील एक नोंद याहून विलक्षण आहे. फिलाडेल्फियात ७८ वर्षांच्या एका गृहस्थाला ल्युकेमियासाठी त्यांच्याच टी–पेशी जनुकबदल करून परत दिल्या. आधी काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या मात्रेनंतर दोनेक महिन्यांनी त्या पेशी अचानक फोफावल्या आणि आजार गेला. तपासात असे निघाले की त्या फौजेतील मारक पेशींपैकी ९४ टक्के एकाच पेशीची प्रजा होत्या. त्या पेशीत घातलेले जनुक योगायोगाने टीईटी–२ या जनुकाच्या मधोमध जाऊन बसले होते आणि त्यामुळे तिचे बळ टिकून राहिले. भारतात ही उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्याने विकसित झाली. नेक्सकार–१९ या नावाने तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

काही प्रतिसाद नुसते फसवे असतात. इम्युनोथेरपीनंतर प्रतिकारपेशी गाठीत घुसल्याने ती स्कॅनवर आधी फुगलेली दिसते आणि नंतर आक्रसते. म्हणून रुग्णाची तब्येत बरी असेल तर चार ते आठ आठवड्यांनी स्कॅन पुन्हा करून मगच औषध बंद करावे असा संकेत आहे. हे थोड्यांतच घडते. फुगलेली गाठ बहुधा खरोखरच वाढलेली असते. काही अनपेक्षित प्रतिसाद मात्र खरे असतात. एका जागी किरणोपचार केल्यावर दूरची गाठही विरण्याच्या घटनेला आर. एच. मोल यांनी १९५३ मध्ये नाव दिले. ती आजही दुर्मीळ आहे.

असाधारण म्हणून आलेल्या प्रत्येक प्रकरणात पहिला प्रश्न निदानाचा असतो. आपल्याकडे तो अधिकच नेटाने विचारावा लागतो, कारण क्षयाने सुजलेल्या गाठी पेट स्कॅनवर कर्करोगासारख्याच उजळतात. अशा गाठी क्षयाच्या औषधांनी बसल्या की ‘लास्ट स्टेजमधून उठला’ अशी वार्ता गावभर होते आणि मध्येच घेतलेल्या एखाद्या काढ्याला श्रेय जाते. बरा झालेला माणूस दारात उभा असतो. तोच काढा घेऊन गेलेल्यांची मोजदाद कुणी ठेवलेली नसते. या फसगतीत आमच्या माणसांचे शस्त्रक्रियेचे हाती असलेले महिने वाया जातात, आणि ते पाहवत नाही.

शास्त्रालाही सगळे उलगडलेले नाही. नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या प्रकल्पात १११ असाधारण रुग्णांच्या गाठींचे सखोल विश्लेषण झाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांपैकी २६ जणांच्या बाबतीतच पटण्याजोगे कारण सापडले. कुणात डीएनए दुरुस्तीचे एकाहून अधिक मार्ग बंद पडले होते, कुणाच्या गाठीत प्रतिकारपेशी दाटलेल्या होत्या.

कारण शोधायचे तर गाठीचा तुकडा हाताशी लागतो. बायोप्सीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये मुरवून मेणात बसवतात, तो ब्लॉक. सेकंड ओपिनियनसाठी परळला येणाऱ्या नातेवाइकांच्या पिशवीत स्लाइडबरोबर हा बोटाच्या पेराएवढा ठोकळा असतो. अनेकदा तो परत मागितला जात नाही, किंवा घरी उन्हात, दमटात पडून राहतो. तुकडा फॉर्मेलिनमध्ये फार वेळ राहिला, किंवा हाडाची बायोप्सी मऊ करायला तीव्र आम्ल वापरले, तर डीएनएचे तुकडे होतात आणि जनुकतपासणी अपुरी राहते. म्हणून ब्लॉक थंड, कोरड्या जागी ठेवावा, त्यावरचा क्रमांक अहवालावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि आजार उलटला तर शक्य असेल तेथे नवी बायोप्सी घेऊन जुन्या ब्लॉकसोबतच तपासायला द्यावी.