वाचकांची टीका विधायक ठेवणाऱ्या व्यवस्था

तांत्रिक लेखनातील चूक ही केवळ भाषेची चूक नसते. सूत्रातील एक चिन्ह किंवा आज्ञावलीतील एक ओळ चुकली, तर तिच्यावर विसंबून पुढे केलेले सारे काम बिघडते. म्हणून अशा लेखनाला चिकित्सक वाचकाची नितांत गरज असते. मात्र टीका लेखनावरून व्यक्तीवर घसरली, की चूक तशीच राहते आणि नवा लेखक लिहिणेच सोडतो. हे टाळण्यासाठी संगणकक्षेत्राने गेल्या अर्धशतकात काही व्यवस्था घडवल्या. त्यांतील तीन विशेष उल्लेखनीय आहेत.

अभिप्रायांची विनंती

इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटची आखणी सुरू असताना, ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर या संशोधक विद्यार्थ्याने एक टिपण प्रसृत केले. या टिपणमालेला त्यांनी ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे ‘अभिप्रायांची विनंती’, असे नाव दिले. आपण नियम लादत आहोत असे कोणास वाटू नये, हा त्यामागील हेतू. अपुरा विचार किंवा उत्तर नसलेला प्रश्नही टिपणात चालेल आणि किमान लांबी एका वाक्याची असेल, असेही लवकरच ठरले.

आज या मालेत प्रकाशित झालेले टिपण बदलले जात नाही. वाचकाने दाखवलेली चूक शुद्धिपत्रात स्वतंत्रपणे नोंदवली जाते. ती तांत्रिक की संपादकीय, हे सांगावे लागते. पडताळणीनंतर ती मान्य, अमान्य किंवा पुढील आवृत्तीसाठी राखीव ठरते. अमान्य सूचनाही नोंदीत राहते. त्यामुळे तोच वाद पुन्हा उकरण्याची गरज उरत नाही.

चुकीला पारितोषिक

‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ साली प्रसिद्ध झाला. तिचे लेखक डोनाल्ड कनूथ हे आपल्या ग्रंथातील चूक प्रथम दाखवणाऱ्यास २.५६ डॉलर देतात. षोडशमान पद्धतीत २५६ ही संख्या १०० अशी लिहितात. म्हणून २५६ सेंट म्हणजे एक ‘षोडशमान डॉलर’. उपयुक्त सूचनेस ३२ सेंट मिळतात. रक्कम किरकोळ असली, तरी कित्येकांनी हे धनादेश न वटवता चौकटीत लावले. बँक खात्याच्या गैरवापरामुळे २००८ पासून खऱ्या धनादेशांऐवजी एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे दिली जातात. तरीही मान उणावला नाही.

‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीतील दोषांसाठीचे पारितोषिक दरवर्षी दुप्पट होत ३२७.६८ डॉलरवर स्थिरावले. या प्रणालीतील आठशेहून अधिक चुका व बदलांचे वर्गीकरण कनूथ यांनी १९८९ साली स्वतःच प्रसिद्ध केले. लेखकच आपल्या चुका अशा मांडतो, तेव्हा टीकाकाराला आवाज चढवावा लागत नाही.

आचारसंहिता आणि श्रेय

१९९१ साली सुरू झालेल्या लिनक्सच्या गाभ्यात प्रत्येक बदल इतरांच्या तपासणीतून जातो. गुणवत्ता राखणारी ही तपासणी कित्येकदा अपमानास्पद भाषेत होई. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रकल्पाचे प्रवर्तक लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागून काही काळ विश्रांती घेतली. त्याच सुमारास प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. विधायक टीका सौजन्याने स्वीकारणे हे तिच्यातील एक अपेक्षित वर्तन आहे. कोडची तपासणी मात्र सैल झाली नाही. शिवाय दोष कळवणारा, चाचणी घेणारा आणि तपासणारा यांची नावे त्या बदलाच्या नोंदीतच लिहिण्याची प्रथा आहे.

समान सूत्र

तिन्ही उदाहरणांत केवळ सौजन्याच्या उपदेशावर भिस्त नाही. टीकेला ठरलेली जागा आहे, पडताळणी आहे आणि टीकाकाराला श्रेय किंवा कारणासह उत्तर आहे. मराठी विकिपीडियावरही प्रत्येक लेखाला जोडलेले चर्चापान अशीच जागा पुरवते. तेथे ‘लेख चुकीचा आहे’ एवढे लिहून भागत नाही. कोणते विधान, कोणत्या आधारावर चुकीचे आणि त्याऐवजी काय असावे, हे तिन्ही सांगितले, तर दुरुस्ती करणाऱ्यास पुढचे पाऊल टाकता येते. एवढा तपशील देणारा वाचक त्या लेखनाचा सहकारी ठरतो.